थीसिअसच्या देवळातली मानिया

मानिया मूळची फ्रिजियाची. कुठल्या गावची, ते तिला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. सात-आठ वर्षांची असताना घोडेस्वारांनी उचलली, एफिससच्या बाजारात उभी केली आणि तिथून जहाजात घालून अथेन्सला आणली. आईचा चेहरा ती विसरली होती, चुलीवर उतू गेलेल्या दुधाचा करपट वास तेवढा आठवायचा. इथे एजिना बेटावर आम्ही तिला ओळखायचो ती बिट्टो रंगारणीच्या रंगशाळेतली बाई म्हणून. मंजिष्ठेच्या पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत. बोलणं मोजकं. तिच्यावर काय गुदरलं होतं ते तिने फार उशिरा सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

अथेन्सला ती पॉलिआरातोस नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी होती. लोकर विंचरायची, सूत काढायची, मागावर बसायची. म्हातारा चिडखोर, पण त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात आणखी एकच गुलाम होता, सांगारिओस, दारवान. तोही फ्रिजियाचाच. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारा अख्ख्या अथेन्समध्ये तो एकटा. ती त्याला बाबा म्हणायची.

शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याने अंथरूण धरलं, तेव्हा त्याचा मेहुणा निकोडेमोस घरात राहायला आला. किल्ल्या त्याने आपल्या कमरेला लावल्या. म्हाताऱ्याला सातूची पेज भरवणं, कूस बदलणं, धुणंपुसणं मात्र मानियाकडेच.

एका पहाटे पेजेचं भांडं घेऊन ती आत गेली तर म्हातारा थंड पडला होता. तोंड उघडं, डोळे छताकडे. तिने भांडं खाली ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या तोंडावर हात दाबला.

"अजून रडायचं नाही," निकोडेमोस म्हणाला. "मी सांगेन तेव्हा रडायचं."

त्याने म्हाताऱ्याच्या बोटातली अंगठी ओढून काढली. बोट सुजलं होतं, निघेना, तेव्हा थुंकी लावून काढली. कपड्यातून एक लिहिलेला कागद बाहेर काढला, दोरी बांधली, गाठीवर ओली माती थापली आणि तीवर अंगठी दाबली. मग अंगठी पुन्हा त्या मेल्या बोटात सरकवली. हे सगळं त्याने इतक्या शांतपणे केलं की मानियाला वाटलं, आपणच काहीतरी भलतं पाहतोय.

"हं," तो म्हणाला, "आता रड."

ती रडली. तो कागद म्हणजे मृत्युपत्र होतं. निकोडेमोसला दत्तक घेतलं आहे, घर आणि ऑलिव्हची बाग त्याची, असं त्यात लिहिलेलं होतं. मानियाला वाचता येत नव्हतं, ते तिला नंतर कळलं. पण अंगठी तिने पाहिली होती. दुपारी प्रेताला तेल लावून झाल्यावर ती दारापाशी गेली, सांगारिओसशेजारी बसली आणि फ्रिजियन भाषेत त्याच्या कानात सगळं सांगून टाकलं.

सांगारिओसने आधी रस्ता दोन्ही बाजूंनी बघून घेतला. मग म्हणाला, "पोरी, हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. कळलं?"

महिनाभर काही झालं नाही. मग म्हाताऱ्याचा पुतण्या थ्रासिल्लोस उभा राहिला. मृत्युपत्र खोटं आहे, काका असलं काही लिहून ठेवणारे नव्हते, असं म्हणून त्याने दावा लावला. आणि एके दिवशी भर बाजारात, चार साक्षीदार बरोबर घेऊन, निकोडेमोसला अडवलं. सांगारिओस मालकाच्या मागे घडीचं स्टूल घेऊन उभा होता, म्हणून त्याच्या कानावर पडलं. घरी येऊन तो थेट मागाच्या खोलीत आला. तिथे तो एरवी कधी यायचा नाही.

"पोरी, धोटा ठेव खाली."

"काय झालं बाबा?"

"त्या पुतण्याने तुला मागितलंय. म्हणाला, म्हाताऱ्याची शुश्रूषा जिने केली ती बाई माझ्या हवाली कर. चाकावर चढवू, काय खरं ते निघेल."

गुलामाचा शब्द न्यायसभेत असाच कुणी घेत नाही. मोकळा माणूस शपथ घेतो आणि बोलतो, गुलामाला आधी चाकाला बांधून ताणतात, मग जे तोंडातून निघेल ते खरं धरतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मानियाला ठाऊक होतं, कारण शेजारच्या घरातली एक मोलकरीण अशी जाऊन आली होती. जिवंत आली, पण पुढे तिला स्वतःचे केस बांधायला हात वर नेता येत नव्हता. मानियाच तिची वेणी घालून द्यायची.

"मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, पाच दिवसांनी सांगतो."

ते पाच दिवस मानिया मागावर बसली की धागे चुकायचे. खरं सांगितलं तर घरी परत आल्यावर निकोडेमोस जीव घेईल. खोटं सांगितलं तर ते ताणतच राहतील. ती स्वतःशी घोकायची, मला ठाऊक नाही, मी काही पाहिलं नाही. शंभरदा घोकायची. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. चुलीतली पेटती काडी उचलली, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि म्हणू लागली, "मला ठाऊक नाही, मी काही..." आणि पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आतच तिच्या तोंडून किंकाळी निघाली. काडी हातातून पडली. ती तिथेच चुलीपाशी मटकन बसली. एवढ्याशा काडीला ती टिकली नव्हती. चाकावर ती सगळं सांगणार, पहिल्याच फेऱ्यात सांगणार, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

पाचव्या दिवशी निकोडेमोस बाजारातून परतला तो हसत.

"मानिया, बाहेर ये. घाबरली होतीस होय गं वेडे? मी साफ नाही म्हटलं. चार लोकांत सांगितलं, त्या बाईने थोरल्या मालकांची लेकीसारखी सेवा केली, तिचं अंग मी चाकावर देणार नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं." आणि त्याने स्वतःच्या हाताने तिला दोन सुके अंजीर दिले.

निकोडेमोसने तिला कधी काही दिलं नव्हतं. ते अंजीर हातात धरून ती उभी राहिली. सुटले म्हणून तिला रडू यायला हवं होतं, पण त्याचं हसणं बघून तिने ते न खाता कमरेच्या गाठीत बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक दणकट माणूस दारात आला. सँडलवर पांढरट धूळ. निकोडेमोस त्याला आत न घेता दारातच बोलला. सांगारिओस तिथेच कोपऱ्यात, बहिरा असल्यासारखा बसला होता. तो माणूस गेल्यावर सांगारिओसने मानियाला विहिरीपाशी गाठलं.

"लॉरिऑनचा आहे. चांदीच्या खाणीवरचा. दगड दळायच्या चक्क्यांवर बाया लागतात म्हणे. उद्या न्यायला येतोय."

"कुणाला?"

सांगारिओसने नुसतं तिच्याकडे बघितलं.

"मालक तर म्हणाले..."

"मालक म्हणाले तुला चाकावर देणार नाही. का देणार नाही? तू बोलशील म्हणून. आता तू इथे असणंसुद्धा त्याला सोसवत नाही. खाणीवर बाया दोन वर्षं टिकतात, पोरी. फार तर तीन."

"मग मी काय करू?"

"घागर घे. पाण्याला निघालीस असं दाखव. आणि थीसिअसच्या देवळात जा. वेदीला हात लावून बस आणि म्हण, मला दुसऱ्याला विका. एवढंच म्हण. दुसरा शब्द बोलू नकोस. तिथून तुला कुणी ओढून नेऊ शकत नाही."

"तुम्ही चला की बरोबर."

"मी म्हातारा कुठे पळतोय? दार उघडून देतो, तेवढं माझ्या हातात आहे."

डोक्यावर रिकामी घागर घेऊन ती निघाली. पिण्याचं पाणी भरायचं कारंजं उजवीकडे, देऊळ डावीकडे. वळणावर न्हाव्याचं दुकान होतं, तिथे निकोडेमोसची रोजची बैठक. न्हाव्याने वस्तरा थांबवून हाक मारली, "अगं ए निकोडेमोसच्या घरची! पाणी तिकडे, तू इकडे कुठे?"

तिच्या तोंडातून कसंबसं निघालं, "मालकांनी... आधी तेल आणायला सांगितलंय."

"घागरीत?" न्हावी म्हणाला आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक खो खो हसलं.

तीही हसली. कशी हसली ते तिलाच ठाऊक. पुढच्या गल्लीत शिरल्यावर तिने घागर एका ओट्यावर ठेवली आणि पळत सुटली. आयुष्यात ती रस्त्यावरून अशी कधी पळाली नव्हती. मागून पावलं वाजतायत असं सारखं वाटत होतं. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

देवळाच्या आवारात आधीच सात-आठ जण बसले होते. एकाची पाठ फोडलेली होती, त्यावर माश्या बसत होत्या. मानिया वेदीपाशी जाऊन कोसळली आणि दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. पुजारी आला. थकलेला माणूस, अशा गोष्टी रोज बघणारा.

"कुणाची तू?"

"मला दुसऱ्याला विका."

"मारहाण झालीय? दाखव."

तिला दाखवायला काहीच नव्हतं. तिने मनगटावरचा भाजल्याचा डाग पुढे केला. पुजाऱ्याने तो पाहिला, मान हलवली. "राहा. मालकाला निरोप जाईल. योग्य किंमत देणारा आला तर तुला विकावंच लागेल, कुणाला ते तो ठरवेल. कुणी आलंच नाही तर परत जावं लागेल. इथे तुला कुणी जन्मभर पोसणार नाही."

संध्याकाळच्या आत निकोडेमोस आला. आवाराबाहेरच उभा राहिला. आवाज मधासारखा.

"मानिया, काय गं हे? घरी चल. चूल विझलीय तुझ्यावाचून. कोण बोललं तुला काही? सांग मला."

तिने वेदी सोडली नाही. तिला भीती वाटली ती त्याच्या आवाजाची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक जण आला. तरुण, उंच, नीटनेटका. पुजाऱ्याशी बराच वेळ बोलला, मग मानियासमोर येऊन उकिडवा बसला.

"बाई, घाबरू नकोस. मी थ्रासिल्लोस. तुला विकत घ्यायला आलोय. मागेल ती किंमत देतो, पुजाऱ्यांना सांगितलंय मी. त्या चोराच्या तावडीतून सुटशील."

मानियाला आधी वाटलं, देव धावला. मग तो पुढे म्हणाला, "न्यायसभेपुढे तेवढं एकदा काय ते होईल. लवकर बोललीस तर लवकर सोडतील. नंतर माझ्या घरी सुखात राहा."

हे तो अगदी मायेने बोलला. त्याला त्यात वाईट काही वाटतच नव्हतं. एका दारात खाण, दुसऱ्या दारात चाक. ती रात्र तिने कशी काढली ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही.

सकाळी आवाराच्या फाटकाशी पाव विकणारी बाई बसली, तेव्हा मानियाला बिट्टो आठवली. बिट्टो म्हणजे आमच्या एजिनाची रंगारीण, पूर्वी स्वतः गुलाम असलेली, आता स्वतःची रंगशाळा चालवणारी. अथेन्सच्या बाजारात तिचा गाळा असे. घरचं सूत रंगवायला मानियाच तिच्याकडे न्यायची आणि दर वेळी बिट्टो सूत बोटांत धरून म्हणायची, "असा हात माझ्याकडे असता तर मी राणी झाले असते, रांडे."

"मावशी," मानिया पाववालीला म्हणाली, "बिट्टो रंगारणीला एवढं सांगाल? मानिया देवळात बसलीय. विकायला आहे."

"मला काय मिळेल?"

मानियाच्या कानात तांब्याच्या बारीक बाळ्या होत्या. तिने काढून दिल्या.

दुपारी बिट्टो आली, धापा टाकत, हात तसेच लाल. सगळं ऐकून घेतलं. अंगठीचं मात्र मानियाने तिलाही सांगितलं नाही.

"घ्यायला मी घेईन," बिट्टो म्हणाली. "पण तो पोरगा माझ्या दुप्पट देईल. आणि तुझा मालक जास्त देणाऱ्याला सोडून मला कशाला देईल?"

मानियाला हुडहुडी भरली होती, भर उन्हात. आणि त्या हुडहुडीतच तिच्या लक्षात आलं की इथे घाबरलेली ती एकटीच नाही. रोज आवाराबाहेर येऊन गोड बोलणारा निकोडेमोसही घाबरलेला आहे. कदाचित तिच्याहून जास्त.

निकोडेमोस आला तेव्हा तिने एक हात वेदीवर ठेवूनच त्याला जवळ बोलावलं.

"मालक, थ्रासिल्लोस मला घेणार म्हणतोय. पुजाऱ्यांनाही पटलंय. त्याने घेतलं की मी चाकावर जाणार. मी काडीचा चटकासुद्धा सोसू शकत नाही, मालक. हे बघा मनगट. मी अंगठीचं सांगेन. मला सांगायचं नाहीये, पण मी सांगेन."

निकोडेमोसचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही बाई एजिनाची आहे," मानिया म्हणाली. "आज संध्याकाळी तिचं जहाज सुटतंय. तिथे इथल्या न्यायसभेचा माणूस येत नाही. तिला द्या मला. परत कधी तुमच्या नजरेला पडणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. वीस वर्षं घरात असलेली ही बाई त्याने जणू पहिल्यांदाच पाहिली. मग बिट्टोकडे वळून म्हणाला, "घेऊन जा. लगेच."

बाईच्या नावाने एवढा सौदा होत नसे, म्हणून बिट्टोच्या वतीने जहाजाच्या कप्तानाने व्यवहार पुरा केला आणि ऊन कलायच्या आत मानिया जहाजावर होती. किनारा दूर जाईपर्यंत ती गोण्यांच्या मागे अंग चोरून बसली. त्या तीन दिवसांत तिला सांगारिओसची एकदाही आठवण आली नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना मान खाली घालायची.

रंगशाळेत ती लवकर रुळली. तुरटीचं पाणी, मंजिष्ठेची मुळं, उकळते रांजण, जांभळ्या रंगासाठी फोडलेल्या शंखांच्या ढिगाऱ्याची दुर्गंधी. इथे कुणी तिला काही विचारत नव्हतं. दोन-अडीच महिने झाले असतील. अथेन्सहून लोकर घेऊन येणारा एक व्यापारी बिट्टोशी गप्पा मारत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या कोलिटोस पेठेतला तो मृत्युपत्राचा दावा निकाली निघाला की. मेहुणा जिंकला."

मानियाच्या हातातली काठी रांजणात थांबली.

"पुतण्या ओरडत होता, साक्षीची बाई विकून टाकली म्हणून. तर मेहुण्याने काय करावं? भर सभेत म्हणाला, बाईवरून संशय घेता ना? घ्या, माझा दारवान घ्या, हवा तेवढा ताणा. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याला काय ठाऊक. आणि खरंच, म्हाताऱ्याला काही ठाऊकच नव्हतं. एक खांदा निखळला, तरी एक शब्द निघाला नाही. मग पंचांनी मृत्युपत्र खरं धरलं."

बायका सांगतात, मानियाच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला तो माणसाचा वाटलाच नाही. तिने आपले दोन्ही हात उकळत्या रांजणात घातले असते, बिट्टोने मागून कवेत धरली म्हणून वाचली.

त्यानंतर तिने बिट्टोची पाठ सोडली नाही. "त्याला आणा. दिवसाचं जेवण मी अर्धं खाईन. त्याला आणा."

"मोडका म्हातारा घेऊन मी काय करू गं? रंग ढवळायला?" बिट्टो करवादायची. पण पुढच्या खेपेला अथेन्सला गेली तेव्हा निकोडेमोसकडे गेली. ज्याला अडसर सरकवता येत नाही असा दारवान त्यालाही नकोच होता. त्याने जवळजवळ फुकटच दिला.

सांगारिओस जहाजातून उतरला तेव्हा त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता. मानिया धक्क्यावर उभी होती. तिला पुढे जाववेना. त्याला काय तोंड दाखवायचं, या भीतीने तिचे पाय जमिनीला खिळले. तोच चालत तिच्यापाशी आला.

"पोरी, काय घाण वास आहे गं तुमच्या गावाला!"

"बाबा, तुम्ही सांगून का नाही टाकलं? सांगायचं होतं. माझं काय जाणार होतं? मी तर इथे होते."

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण म्हटलं, एक सांगितलं की दुसरं विचारणार. तुला कसं ठाऊक? कुणी सांगितलं? आधी का नाही बोललास? आणि प्रत्येक प्रश्नाला एक फेरा. तेवढ्यात शुद्धच गेली. शूर वगैरे नाही झालो मी. फार भ्यालो होतो. इतका, की तोंडच उघडेना."

तो पुढे पाच वर्षं जगला. वाळत घातलेल्या कापडांवरचे पक्षी डाव्या हाताने हाकायचा. मानिया त्याला जेवू घालायची, कमरपट्टा बांधून द्यायची. त्याने तिला एका शब्दानेही कधी बोल लावला नाही, आणि तेच तिला सर्वांत जड जायचं. तो गेल्यावरच तिने बायकांना हे सगळं सांगितलं. तो असेतो कुणाला कळू द्यायची तिला धास्ती वाटायची, पुन्हा कुणी विचारायला येईल म्हणून.

निकोडेमोस त्या घरात, त्या बागेच्या तेलावर, म्हातारा होऊन अंथरुणात मेला असं पुढे कळलं. थ्रासिल्लोस कुठल्याशा लढाईवर गेला तो परत आला नाही. बिट्टोने स्वतःच्या शेवटच्या आजारपणात मानियाला देवळात नेऊन चार लोकांसमोर मोकळं केलं, रंगशाळेतली एक खोली तिच्या नावे केली. आता तिला चाकावर चढवू शकेल असं जगात कुणी उरलं नव्हतं.

तरी अथेन्सचं जहाज बंदरात लागलं की मानिया काम टाकून टेकडी चढायची आणि वर अफाइया देवीच्या देवळात जाऊन बसायची. जहाज सुटेपर्यंत खाली उतरायची नाही. साठी उलटली, गुडघे धरले, तरी चढायची. आम्ही म्हणायचो, "अगं मानिया, ते सगळे कधीच मेले."

"मेलेत, ठाऊक आहे मला," ती म्हणायची आणि डोक्यावरून पदर ओढून घ्यायची. "जहाज गेलं की मला हाक मारा."